क्लायंट बदलून दिला की झालं? अमेरिकेतल्या एका एमएसडब्ल्यू फील्डवर्कचं प्रकरण

हे प्रकरण २०२२ च्या फॉल सेमिस्टरमधलं, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रातलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, दोनतीन तपशील मुद्दाम बदललेत, आणि लिहायच्या आधी त्या विद्यार्थिनीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लिहा, पण मला बिचारी करू नका." मी तेव्हा मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क विभागात फील्ड लायझन होते, म्हणजे आपल्याकडे फॅकल्टी सुपरवायझर करतात साधारण तेच काम. विद्यार्थी संस्थेत जातो, तिथली एक अनुभवी सोशल वर्कर त्याची फील्ड इन्स्ट्रक्टर असते, आणि त्या दोघांवर विभागाच्या वतीनं लक्ष ठेवणारी तिसरी व्यक्ती मी. यात माझी चूक कुठे झाली तेही येईल, कारण ती वगळली तर या प्रकरणात काही उरतच नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्स डिग्रीला, कमीत कमी ९०० तास फील्ड करावंच लागतं, अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या तिथल्या अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिलचा नियम आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी ४०० आणि दुसऱ्या वर्षी ५०० अशी विभागणी होती, आठवड्याला दोन दिवस, १६ तास, आणि बहुतेक ठिकाणी एक पैसा मिळत नाही. त्याच सुमारास मिशिगनमधल्या विद्यार्थ्यांनी फील्डचे पैसे द्या म्हणून चळवळ सुरू केली होती ती काही उगाच नाही.

त्या काळातलं वातावरणही सांगायला हवं. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि त्यानंतर महिनाभरात असा एक सोशल वर्क विभाग उरला नसेल ज्यानं वेबसाइटवर वंशवादाविरुद्ध निवेदन टाकलं नाही. आमचंही जूनमध्ये आलं, भाषा छान होती, मीही सही केली. मग २०२१ च्या जूनमध्ये एनएएसडब्ल्यूनं, म्हणजे तिथल्या सोशल वर्कर्सच्या राष्ट्रीय संघटनेनं, या पेशाच्या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. गोऱ्यांसाठी वेगळी सेटलमेंट हाउसेस, म्हणजे गरीब वस्तीतली मदतकेंद्रं चालवली, रोग्यांना उपचार न देता आजार नुसता बघत राहिलेल्या टस्कीगीच्या सिफिलिस प्रयोगासाठी ब्लॅक पुरुष गोळा करायला हातभार लावला, आदिवासी मुलांना घरातून उचलून बोर्डिंग शाळांत टाकलं, हे सगळं त्यात कबूल केलेलं आहे. वर सांगितलेल्या कौन्सिलच्या २०२२ च्या नव्या मानकांमध्ये, विद्यार्थ्यात याव्यात अशा ज्या नऊ क्षमता दिल्यात त्यातली तिसरी सरळ वंशवादविरोधाची झाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोशल वर्कर्सची लायसन्स परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं पहिल्यांदाच वंशानुसार निकाल जाहीर केले. क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास होणारे गोरे ८४ टक्के आणि ब्लॅक ४५ टक्के. आकडा बघून स्टाफरूममध्ये सगळे गप्प झाले होते.

म्हणजे शब्द भरपूर होते. पण आमचं फील्ड मॅन्युअल उघडलंत तर क्लायंटनं विद्यार्थ्याला वंशावरून शिवी दिली तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. होम व्हिजिटला कुत्रा चावला तर काय करायचं यावर मात्र अर्धं पान होतं, इंजेक्शन कुठे घ्यायचं, फॉर्म कुठला भरायचा, २४ तासांत कोणाला फोन करायचा, सगळं. हे मला नंतर कळलं, आधी कधी त्या नजरेनं वाचलंच नव्हतं.

नेमकं काय झालं

विद्यार्थिनी पहिल्या वर्षाची, ब्लॅक, वय तिशीच्या आत, दिवसा क्लास आणि फील्ड, रात्री एका ग्रोसरी स्टोअरमध्ये काम. (मराठीत इथे 'कृष्णवर्णीय' लिहायची पद्धत आहे, पण ती स्वतःला ब्लॅक म्हणते म्हणून मीही तेच लिहिते.) तिला संस्था मिळाली ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणारी. घरी डबा पोचवणं, औषधं वेळेवर घेतात का बघणं, फॉर्म भरून देणं. इन्स्ट्रक्टर बाई गोऱ्या, वीस वर्षांच्या वर अनुभव, मनानं खरंच चांगल्या. हे मुद्दाम सांगतेय कारण या प्रकरणात खलनायिका शोधायला गेलात तर सापडणार नाही.

क्लायंट ऐंशीच्या पुढचे एक गोरे आजोबा, ऑक्सिजनवर, बायको वर्षभरापूर्वी गेलेली. पहिल्या भेटीला इन्स्ट्रक्टर बरोबर होती तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या भेटीला पोरगी एकटी गेली तर त्यांनी आधी "दुसरं कोणी नव्हतं का पाठवायला" विचारलं, मग तिला एक शिवी दिली जी मी इथे लिहिणार नाही, आणि निघताना पर्स उघडून दाखव म्हणाले. तिनं फॉर्म पूर्ण केला, पर्स दाखवली नाही, खाली येऊन गाडीत वीस मिनिटं बसून राहिली आणि मग पुढच्या घरी डबा द्यायला गेली, कारण तिथल्या आजी मधुमेहाच्या होत्या आणि त्यांची जेवणाची वेळ चुकून चालणार नव्हती.

हे सगळं तिनं आपल्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत लिहिलं. क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय वाटलं, असे तीन कॉलम असतात. शिवीच्या समोर तिसऱ्या कॉलममध्ये तिनं फक्त 'राग' एवढंच लिहिलं होतं. इन्स्ट्रक्टरनं समासात लिहिलं: क्लायंटच्या दुःखामुळे तुझ्यात कोणत्या भावना जाग्या झाल्या, यावर अजून विचार कर.

मी हा समास नंतर किमान दहा वेळा वाचलाय. पुस्तकाप्रमाणे बघितलं तर चुकीचं काहीच नाही, आम्ही हेच शिकवतो, क्लायंटचा राग स्वतःवर घेऊ नये, त्यामागचं दुखणं बघावं, वगैरे. आणि आजोबा दुःखात होतेच. पण दुःखात असलेले सगळेच समोरच्याची पर्स तपासत नाहीत ना.

पहिला निर्णय, जो निर्णय वाटलाच नाही

त्या आठवड्याच्या आयसीत, म्हणजे दोघींच्या ठरलेल्या सुपरव्हिजनच्या भेटीत, इन्स्ट्रक्टर म्हणाली की तुला त्रास नको, आपण तो क्लायंट दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊ. दुसरा विद्यार्थी गोरा होता. पोरीनं विचारलं, ठीक आहे, पण त्यांना काय सांगणार? तर उत्तर आलं, काही सांगायची गरज नाही, शेड्यूल बदललं म्हणायचं.

इथेच पहिला फाटा होता आणि तो कोणाच्याच लक्षात आला नाही, कारण बघायला तो मदतीसारखा दिसतो. आजोबांना हवं होतं ते मिळालं. मुलीच्या हातातून एक केस गेली. आणि संस्थेच्या कागदावर काहीच घडलेलं नाही.

मला हे ओळखता यायला हवं होतं, कारण मी हे एकदा बघितलेलं आहे, तेही अगदी जवळून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत मी एमएसडब्ल्यू करत असताना वर्गातल्या एका मैत्रिणीला चाळीतल्या महिला गटाचं काम मिळालं होतं. तिसऱ्या भेटीला तिथल्या एका काकूंनी विचारलं, आडनाव काय गं तुझं? तिनं सांगितलं. पुढच्या वेळी सगळ्यांना चहा कपातून आणि तिला स्टीलच्या पेल्यातून, बाकी काही नाही, कोणी वाईट बोललं नाही. सुपरवायझर म्हणाले, तुला उगाच त्रास नको, आपण तुझी वस्ती बदलू. तिला 'तिच्या लोकांत' पाठवलं, हे शब्द कोणी वापरले नाहीत पण अर्थ तोच होता. आणि चाळीतला तो गट मला मिळाला. माझ्या आडनावाला कपातून चहा मिळाला. त्या कामावर मला चांगले मार्क पडले, आणि पंचवीस वर्षं मी तो किस्सा कोणाला सांगितला नाही.

दुसरा निर्णय: माझी सही

ऑक्टोबरच्या शेवटी मिडटर्म मूल्यमापन येतं. प्रत्येक क्षमतेला पाचपैकी गुण, खाली शेरा. तिला 'क्लायंटशी नातं जोडणं' यात २ होते आणि शेरा होता की वृद्ध क्लायंट्सबरोबर थोडी डिफेन्सिव्ह होते, फीडबॅक घ्यायला कचरते. आणि वंशवादविरोधाच्या क्षमतेत तिला ४! हे वाचून आता हसू येतं आणि येत नाहीही.

माझ्याकडे त्या वेळी चौदा विद्यार्थी होते, सगळे फॉर्म शुक्रवारपर्यंत सबमिट करायचे होते, मी ते २ बघितले, मनात म्हटलं पहिलं सेमिस्टर आहे, सुधारेल, आणि क्लिक केलं. एकही रेकॉर्डिंग उघडलं नाही. फोन केला नाही. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महागात पडलेली गोष्ट ही, कारण आजोबा काय बोलले ते आजोबांचं, पण 'ही डिफेन्सिव्ह आहे' हे आता विभागानं सही करून सांगितलेलं सत्य झालं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिची मेल आली. चार ओळी आणि ते रेकॉर्डिंग जोडलेलं. शेवटची ओळ होती: तुम्ही हे वाचलं होतं का?

कोणते पर्याय होते

मी तिला भेटले तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "आपण तुझी प्लेसमेंट बदलूया." म्हणजे तोच मुंबईचा उपाय. तिनं शांतपणे हिशोब मांडला. दीडशेच्या वर तास झालेत. नवी संस्था म्हणजे परत बॅकग्राउंड चेक, टीबी टेस्ट, ओरिएंटेशन, यात तीनचार आठवडे जाणार, त्यातले तास मोजणार का? नियमाप्रमाणे नाही. मग डिग्री पुढे ढकलली जाणार, आणि स्टोअरमधल्या शिफ्ट परत बदलाव्या लागणार. "आणि ते आजोबा आहेत तिथेच," ती म्हणाली.

दुसरा पर्याय युनिव्हर्सिटीच्या समान संधी कार्यालयात औपचारिक तक्रार. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेत वंशावरून भेदभाव चालत नाही, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातच आहे. पण ही तक्रार नक्की कोणाविरुद्ध? आजोबांविरुद्ध तर होऊ शकत नाही. संस्थेविरुद्ध म्हटलं तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तिथे जागा मिळणार नाही अशी भीती आमच्या ऑफिसमध्ये बोलूनही दाखवली गेली. जागा कमी आहेत हे खरं आहे, पण त्याचं ओझं नेहमी विद्यार्थ्याच्याच पाठीवर का येतं हे कोणी विचारत नव्हतं, मीही नाही.

तिसरा, आजोबांची सेवा बंद करणं. हे एका सहकाऱ्यानं सुचवलं आणि सगळ्यात आधी नको म्हणाली ती ती पोरगीच. ऑक्सिजनवरच्या माणसाचा डबा बंद करायचा नाही.

चौथा, सेमिस्टर संपेपर्यंत सहा आठवडे काढायचे आणि मग बघू. खरं सांगते, बरेच जण हाच निवडतात, विद्यार्थी पण.

पाचवा पर्याय तिनं स्वतः आणला. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. मिडटर्म परत व्हावं, नीट वाचून. आजोबांना संस्थेनं स्पष्ट सांगावं, शेड्यूलचं निमित्त न करता. आणि आजोबांकडे जायचं की नाही हे ती ठरवेल, गेली तर एकटी जाणार नाही.

काय केलं

संस्थेच्या डायरेक्टरशी बोलताना मला एका जुन्या निकालाचा खूप उपयोग झाला, तुम्हालाही होईल म्हणून सांगते. इंडियानामधल्या एका नर्सिंग होममध्ये एका वृद्धेच्या खोलीसाठी कामाच्या कागदावर लिहिलेलं असायचं की ब्लॅक मदतनीस नको. ब्रेंडा चेनी नावाची मदतनीस त्याविरुद्ध कोर्टात गेली. नर्सिंग होमचं म्हणणं, आम्ही रहिवाशाच्या इच्छेचा मान ठेवतोय. २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टानं सांगितलं की ग्राहकाची वांशिक आवड हे नोकरीत भेदभाव करायचं कारण होऊ शकत नाही. आता चेनी पगारी नोकर होती आणि आमची मुलगी बिनपगारी इंटर्न, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे बसेल असं मी म्हटलं नाही. पण 'क्लायंट बदलून देणं' ही मेहेरबानी नसून कधीकधी ती बेकायदेशीर गोष्ट असते, हे ऐकल्यावर डायरेक्टर खुर्चीत सरळ बसला एवढं नक्की.

मग चौघांची मीटिंग झाली, विद्यार्थिनी, इन्स्ट्रक्टर, डायरेक्टर आणि मी. पोरीनं रेकॉर्डिंगमधला तो भाग वाचून दाखवला, आवाज चढवला नाही. इन्स्ट्रक्टरला रडू आलं. ती म्हणत राहिली, "मला असं नव्हतं म्हणायचं, मी वंशवादी नाहीये, माझी नात मिश्र वंशाची आहे," आणि मग पुढची पंधरा मिनिटं आम्ही सगळे तिची समजूत काढत होतो, मी टिश्यूचा बॉक्स पुढे केला, आणि ज्या मुलीसाठी मीटिंग होती ती खिडकीबाहेर पार्किंग लॉट बघत बसली होती. तिथे मी म्हणायला हवं होतं की दहा मिनिटं थांबू, तुम्ही बाहेर जाऊन या, आपण मग बोलू. नाही म्हटलं. वयानं मोठी बाई रडतेय म्हटल्यावर आपले संस्कार आडवे येतात, काय करणार.

तरी त्यातून ठरलं ते असं. इन्स्ट्रक्टरनं स्वतः आजोबांना फोन करायचा. काय बोलायचं ते आम्ही लिहून काढलं, अगदी साधं: तुमचा डबा आणि मदत चालू राहील, वर्कर कोण येईल ते आम्ही ठरवू, रंगावरून निवडता येणार नाही, शिवी दिलीत तर त्या दिवशीची भेट तिथंच संपेल आणि पुढच्या आठवड्यात परत येऊ. आजोबांनी दोनदा फोन आपटला. तिसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि सूप खारट असतं अशी तक्रार केली.

मिडटर्मचं मात्र भलतंच झालं. सॉफ्टवेअरमध्ये एकदा सबमिट केलेला फॉर्म उघडतच नव्हता. वंशवादविरोधी निवेदन होतं, समिती होती, ट्रेनिंग होतं, पण ते २ खोडायची सोय नव्हती! शेवटी मी पुरवणी जोडली, त्यात माझी सही न वाचता झाली होती हेही लिहिलं, आणि डीन ऑफिसच्या मागे लागून डिसेंबरमध्ये तो फॉर्म रीसेट करून घेतला. इन्स्ट्रक्टरनं परत मूल्यमापन केलं तेव्हा तिनं स्वतःहून शेरा बदलला: कठीण प्रसंगात क्लायंटची सेवा न थांबवता स्वतःची मर्यादा राखली.

पुढे काय झालं

ती डिसेंबरपर्यंत तिथेच राहिली, आजोबांकडे आणखी दोनदा गेली, एका स्टाफ मेंबरबरोबर. त्यांचं मन वगैरे काही बदललं नाही, त्यांनी तिच्याशी बोलणंच टाळलं, ऑक्सिजनचा फॉर्म तेवढा भरून घेतला. जानेवारीत ती फील्डसाठी एका शाळेत गेली आणि मीटिंगांत गेलेल्या वेळेसकट तिचे सगळे तास मोजले. २०२४ मध्ये डिग्री झाली. आमची आता मैत्री आहे असं मी म्हणणार नाही. मेल केली तर उत्तर येतं.

इन्स्ट्रक्टरनं पुढचं एक वर्ष विद्यार्थी घेतले नाहीत, नंतर परत आली, आणि आता विद्यार्थ्यांना पहिल्याच आयसीत विचारते की क्लायंट असं बोलला तर तुला माझ्याकडून काय हवंय. मला वाटतं आमच्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे, कारण उत्तर दर वेळी वेगळं येतं. काहींना खरंच तो क्लायंट नको असतो, आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. अडचण क्लायंट बदलण्यात नव्हती, न विचारता बदलण्यात आणि क्लायंटला काहीच न सांगण्यात होती.

विभागानं मॅन्युअलमध्ये एक पान घातलं. तो मसुदा करताना मी म्हटलं यात जातही घाला, ब्रँडाइस युनिव्हर्सिटीनं आपल्या भेदभावविरोधी धोरणात २०१९ मध्ये घातलीय, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये, आणि आपल्याकडे भारतीय, नेपाळी विद्यार्थी आहेत, भारतीय क्लायंटही आहेत. गोरे सहकारी लगेच तयार झाले. विरोध केला तो एका भारतीय प्राध्यापकानं, "इथे कुठे आणतेस जात, इथे कोण विचारतं?" मी म्हटलं, आडनाव विचारतात. शेवटी युनिव्हर्सिटीच्या मुख्य धोरणात तो शब्द गेला नाही, आमच्या पानावर एका उदाहरणात तेवढा आला.

आज तीच वेळ आली तर

मूल्यमापनावर सही करायच्या आधी मी प्रत्येक विद्यार्थ्याचं निदान एक रेकॉर्डिंग वाचते, कमी गुण असतील तर आधी फोन करते. चौदा विद्यार्थी असले की हे जमत नाही, म्हणून विभागाशी भांडून आकडा दहावर आणला, आणि ते भांडण निवेदनावर सही करण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. मीटिंगला येताना विद्यार्थिनीला आपल्या पसंतीचं एक माणूस आणायला सांगेन, कारण त्या खोलीत ती एकटी ब्लॅक होती आणि मी 'पर्सन ऑफ कलर', म्हणजे गोरी नसलेली, आहे म्हणून ते भरून निघत नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. आणि मुंबईच्या त्या मैत्रिणीला मी गेल्या वर्षी फोन केला. तिला चाळ आठवत होती, स्टीलचा पेला आठवत होता. तो गट नंतर मला मिळाला हे मात्र तिला माहीतच नव्हतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत वंशावर आधारलेले कार्यक्रम चालणार नाहीत असं अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचं पत्र आलं आणि देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांनी वेबसाइटवरची असली पानं काढायला सुरुवात केली. आमचं २०२० चं निवेदनही एका दुपारी गेलं, कोणी काही बोललं नाही. मॅन्युअलमधलं पान कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ते समता-बिमता विभागात नव्हतंच, सुरक्षेच्या प्रकरणात होतं. कुत्रा चावला तर काय करायचं, त्याच्या पुढच्या पानावर. अजून तिथेच आहे.